कॅलेंडर सगळ्यांचं, कारण आपलं: शेजपाळीपासून शेअर्ड कॅलेंडरपर्यंत

(हा आपल्या पॉडकास्टच्या भागाचा लिखित मजकूर आहे. लोकलमध्ये किंवा एसटीत इअरफोन विसरलेल्यांसाठी. बोलताना जसं आलं, जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा भाग थोडा वेगळा आहे. इतिहास आहे, पण लढाया नाहीत, गड-किल्ले नाहीत. आज आपण कॅलेंडरबद्दल बोलणार आहोत. म्हणजे ऑफिसमध्ये जे सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर असतं, ज्यात कोण कधी मोकळा आहे ते दिसतं, ते. ते कोणी बघावं, कोणी बदलावं, आणि त्यात आपलं खासगी किती दिसावं, हा आजचा विषय. ‘यात कसला इतिहास?’ असं वाटत असेल तर दहा मिनिटं द्या.

सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण हा भाग करावासा वाटला तो एका किश्श्यामुळे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात एका कंपनीत काम करत होतो, नाव सांगत नाही. त्या काळात मला झोप लागत नव्हती, छातीत धडधडायचं, म्हणून मी समुपदेशन सुरू केलं होतं. दर गुरुवारी दुपारी चार ते पाच, ऑनलाइन. त्या वेळात कोणी मीटिंग लावू नये म्हणून मी ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये तो तास अडवून ठेवला आणि नाव काय दिलं? ‘काउन्सेलिंग’. सरळ. मला वाटायचं बाकीच्यांना फक्त ‘बिझी’ दिसतं.

तसं नव्हतं. कंपनीच्या सेटिंगमध्ये आतल्या प्रत्येकाला प्रत्येकाचं सगळं दिसत होतं. मीटिंगसाठी वेळ शोधणाऱ्या कोणालाही माझा गुरुवार वाचता येत होता. हे मला कधी कळलं? नव्या प्रोजेक्टचा लीड म्हणून माझं नाव जवळपास पक्कं होतं, ते दुसऱ्याला दिलं गेलं तेव्हा. मॅनेजर म्हणाला, “अरे, तुझं सध्या काय चाललंय ते दिसतंय मला. म्हटलं, तुझ्यावर लोड नको.” माणूस वाईट नव्हता. खरंच काळजीने म्हणाला. पण माझ्याबद्दलचा निर्णय मला न विचारता झाला, आणि तो कॅलेंडरमधल्या एका शब्दावर झाला.

त्या शनिवारी मी गावी गेलो. गाव म्हणजे भवानीनगर, बारामती-इंदापूर रस्त्यावर. आप्पांना, म्हणजे आजोबांना, सगळं सांगितलं. त्यांना कॅलेंडर शेअरिंग वगैरे कळायला वेळ लागेल असं वाटलं होतं. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. म्हणाले, “म्हंजे शेजपाळीची यादीच की. पण यादीत पाळी कधी ते लिहित्यात. घरात काय चाललंय ते कशाला लिहायचं?”

मंडळी, आजच्या भागाचं सार आप्पांनी तिथेच सांगून टाकलं. पुढचं सगळं मी नंतर वाचून, विचारून जोडलेलं आहे.

शेजपाळी: पाण्याचं शेअर्ड कॅलेंडर

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आमच्या भागातून नीरा डावा कालवा जातो. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खनचं कंबरडं मोडलं, त्यानंतर ब्रिटिश सरकारने या कोरड्या पट्ट्यात कालवे काढायला जोर लावला. १८७९ मध्ये मुंबई पाटबंधारे कायदा आला. १८८० च्या दशकात नीरा डाव्या कालव्याला पाणी आलं आणि त्यामागे भाटघरला धरण बांधलं गेलं. सुमारे शंभर मैलांचा कालवा. पुरंदर, बारामती करत इंदापूरकडे येणारा.

आता इंजिनिअरच्या डोक्याने बघा. एक पाइपलाइन आहे, शंभर मैल लांब. पाणी कमी, घेणारे हजारो. जो तोंडाशी आहे तो आधी घेणार, जो शेवटी आहे त्याला उरलं तर मिळणार. आमच्याकडे याला ‘हेड’ आणि ‘टेल’च म्हणतात. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीसुद्धा ‘टेलची गावं’ हाच शब्द आहे. पाणी किती, हा एक प्रश्न. पण त्याहून मोठा प्रश्न म्हणजे कोणाला कधी. म्हणजे कॅलेंडरचाच प्रश्न.

या कालव्यावर एका मोठ्या माणसाने डोकं चालवलं होतं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्यांच्या वाढदिवसाला, १५ सप्टेंबरला, आपण कॉलेजमध्ये इंजिनिअर्स डे साजरा करायचो ते. ते शिकले पुण्यात, आणि पुढे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पुणे भागात काम करताना त्यांनी नीरा कालव्यासाठी ‘ब्लॉक पद्धत’ मांडली. पाणी जिथे ज्याला जमेल तसं ओढण्यापेक्षा गावागावात योग्य जमिनीचे ठराविक ब्लॉक आखायचे, त्यात पिकं फेरपालटाने घ्यायची, आणि त्या ब्लॉकला पाण्याची खात्री द्यायची. फायदा जास्त गावांत वाटला जावा हा हेतू. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘आधी येईल त्याला’ हे काढून त्यांनी आधी ठरवलेलं वेळापत्रक आणलं.

मग शेजपाळी. हा शब्द मला फार आवडतो. शेज म्हणजे शेजारचं, एकाला लागून एक. पाळी म्हणजे टर्न. शेतामागून शेत, ओळीने पाळी. ती चालते कशी ते नीट सांगतो, कारण आपल्याला परमिशनबद्दल जे शिकायचंय ते इथेच आहे.

हंगामाच्या आधी खात्याकडून जाहीर होतं की अमुक पिकांसाठी पाणी मिळेल, अर्ज करा. शेतकरी ‘नमुना नंबर सात’ भरतो. त्यात नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र. अर्ज मंजूर झाले की चारीवार यादी तयार होते. कोण आधी, कोण नंतर. शिस्त पाळायची तर पाणी टेलकडून सुरू करून हेडकडे आणायचं, म्हणजे शेवटचा माणूस उपाशी राहत नाही. कडक शेजपाळीत तर प्रत्येकाच्या पासवर तारीख, वेळ आणि किती तास, एवढं सगळं लिहिलेलं असतं. रात्री दोनची पाळी आली तर रात्री दोनला बॅटरी घेऊन बांधावर जायचं. एकदा पाणी सुटलं की त्या फेरीला आवर्तन म्हणतात.

आता परमिशन बघा. यादी बघायला कोणाला? सगळ्यांना. कारण माझी पाळी खरंच माझ्या वेळेला आली का, हे शेजाऱ्याची पाळी दिसल्याशिवाय कळत नाही. यादी बदलायला कोणाला? अगदी थोड्यांना: कालवा निरीक्षक, वरचे अधिकारी. दार प्रत्यक्ष उघडणारा पाटकरी वेगळा. आणि यादीत काय दिसतं? नाव, शेत, पीक, क्षेत्र, वेळ. पाणी वाटायला जेवढं लागतं तेवढंच. तुम्ही उसाला पाणी का मागताय, मुलीचं लग्न आहे का, सोसायटीचं कर्ज थकलंय का, यातलं काहीच यादीत नाही.

पण भांडणं कधी झाली? कालव्याच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात विचारा. मूळ यादी एक आणि दाराशी प्रत्यक्ष चाललेली यादी दुसरी, असं झालं की भांडण. मधेच एक नाव घुसलं आणि ते कोणी घुसवलं ते कळेना, की भांडण. सगळे यादी बघू शकतात यावर तक्रार नसायची. कोणीतरी गुपचूप बदलू शकतो, यावर असायची. २००५ मध्ये महाराष्ट्राने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांसाठी वेगळा कायदा केला. संस्थेला मोजून पाणी द्यायचं आणि आतलं वाटप संस्थेनेच करायचं. माझ्या भाषेत सांगायचं तर एडिटचा अधिकार खात्याकडून गटाकडे दिला.

ऊसतोड: तारखेची किंमत

दुसरं कॅलेंडर ऊसतोडीचं. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग पश्चिम महाराष्ट्रात रांगच लागली. आमच्याकडे शेजारी वालचंदनगरला त्याआधीपासून खासगी कारखाना होता. भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना आला, आणि आमच्या गावाचा दिवस भोंग्यावर चालायला लागला.

मी आता जे सांगतोय ते कुठल्या एका कारखान्याचं नाही, सगळ्या ऊसपट्ट्यातली पद्धत आहे. शेतकरी ऊस लावतो आणि कारखान्याच्या गट ऑफिसला नोंद देतो. नोंदीत सगळ्यात महत्त्वाचं काय? लागणीची तारीख. आडसाली जुलै-ऑगस्टचा, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, सुरू जानेवारी-फेब्रुवारीचा, आणि मग खोडवा. गाळप सुरू झालं की या तारखा, जात आणि पक्वता बघून तोडणीचा कार्यक्रम लागतो. चिटबॉय शेतात येऊन बघून जातो, चिठ्ठी निघते, मग टोळी येते.

कारखान्याची रोजची क्षमता ठरलेली. एका दिवशी सगळ्यांचा ऊस तुटू शकत नाही. आणि उशीर म्हणजे पैसे. तुरा आला, ऊस पोकळ व्हायला लागला की वजन घटतं. रान मोकळं व्हायला उशीर, म्हणजे पुढचं पीक उशिरा. त्यामुळे नोंदवहीतली एक तारीख दहा दिवस मागे-पुढे झाली तर एका घराचं वर्ष बदलू शकतं. आणि पाळी आली तरी टोळीला ‘खुशाली’ आणि गाडीवाल्याला ‘एंट्री’ दिल्याशिवाय काम हलत नाही, ही तक्रार राज्यभर दर हंगामात पेपरात येते. म्हणजे कागदावरचं कॅलेंडर एक, आणि पैशाने चालणारं दुसरं.

इथेही उपाय काय निघाला? तारीखवार याद्या गट ऑफिसला लावा, मोबाइलवर मेसेज पाठवा, नोंद झाली की शेतकऱ्याला पावती द्या. म्हणजे जो दुसऱ्याच्या वेळेवर सत्ता चालवतो, त्याचं कॅलेंडर उघडं करा.

उघडं कॅलेंडर कसं असावं याचं सगळ्यात सुंदर उदाहरण आमच्या रस्त्यावरून दरवर्षी चालत जातं. संत तुकाराम महाराजांची पालखी. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसरला मुक्काम, बेलवाडीला गोल रिंगण, निमगाव केतकी, मग इंदापूर. कुठे विसावा, कुठे जेवण, कुठे मुक्काम, हे महिनाभर आधीच सगळ्यांना माहीत. लाखो लोक त्या एका वेळापत्रकावर स्वयंपाक करतात, रस्ते बंद करतात, पाण्याचे टँकर लावतात. बघायला सगळ्यांना, बदलायला फक्त सोहळ्याच्या संस्थानाला. आणि कोणता वारकरी कुठलं दुःख घेऊन निघालाय, हे वेळापत्रक विचारत नाही.

भिंतीवरचं कालनिर्णय आणि आईचा ठिपका

आता घरात येऊ. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं आणि काही वर्षांतच ते मराठी घरांच्या भिंतीवर पोचलं. आमच्याकडे स्वयंपाकघरात टांगलेलं असायचं, शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. दूध किती लिटर, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे, भिशीचा हप्ता, सगळं त्याच चौकोनांत. कोणीही वाचायचं, कोणीही लिहायचं.

त्यात दर महिन्याला एका तारखेला पेनाचा बारीक ठिपका असायचा. लहान असताना मी आईला विचारलं, हे काय? ती म्हणाली, “माझी आठवण आहे.” खूप नंतर कळलं की तो तिच्या पाळीचा हिशोब होता. घरात सासू-सासरे, दीर, येणारे-जाणारे, आणि सगळ्यांच्या नजरेसमोर असलेल्या कॅलेंडरवर तिने तिची नोंद ठेवली होती. तारीख तिथे होती, कारण नव्हतं. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी असा ठिपका, फुली किंवा एखादं अक्षर असेल.

सांगायचं हे की कॅलेंडरमध्ये प्रायव्हसी सेटिंग नव्हतं तेव्हाही लोकांना प्रायव्हसी हवी होती. त्यांनी ती ठिपक्यातून मिळवली.

ऑफिसचं कॅलेंडर

ऑफिसमध्ये कॉम्प्युटर यायच्या आधी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे साहेबांची डायरी. ती पीएकडे. साहेब कधी मोकळे, ते पीए सांगणार. डायरी आपल्याला दिसणार नाही. दुसरी म्हणजे सरकारी कचेरीतली हालचाल नोंदवही. टेबल सोडून बाहेर जाताना कुठे, कोणत्या कामाला, किती वाजता, परत कधी, ते लिहून सही करायची. ती मात्र टेबलावर उघडी. नीट बघा, वरच्याचा वेळ झाकलेला आणि खालच्याचा वेळ कारणासकट उघडा. कालव्यावर लोक जे मागत होते त्याच्या हे बरोबर उलटं आहे.

कॉम्प्युटर आले तेव्हा हीच सवय त्यात शिरली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमचं प्रॉफ्स नावाचं ऑफिस सॉफ्टवेअर आलं. त्यात मेल होती आणि कॅलेंडरही. मोठमोठी ऑफिसं, अगदी व्हाइट हाउससुद्धा ते वापरायचं. १९८६ मध्ये इराण-काँट्रा प्रकरणात तिथल्या अधिकाऱ्यांनी प्रॉफ्समधले हजारो मेसेज खोडले, पण ते बॅकअपमधून परत मिळाले. ऑफिसच्या सिस्टिममध्ये लिहिलेलं आपण खोडलं म्हणजे गेलं असं नाही, हा धडा तेव्हाचा आहे.

१९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टचं शेड्यूल प्लस आलं, १९९७ मध्ये आउटलुक. आता अडचण अशी की एका कंपनीच्या कॅलेंडरला दुसऱ्याचं कळेना. म्हणून नोव्हेंबर १९९८ मध्ये आयकॅलेंडर नावाचं स्टँडर्ड आलं. आरएफसी २४४५. आजही मीटिंगच्या मेलला ‘डॉट आयसीएस’ फाइल येते ना, ती हीच. २००९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, आरएफसी ५५४५.

मी ते स्टँडर्ड वाचलं. त्यात दोन फार महत्त्वाच्या गोष्टी आहेत. एक, ‘फ्री-बिझी’. म्हणजे फक्त कुठला वेळ भरलेला आणि कुठला मोकळा एवढंच सांगायचं, बाकी काही नाही. आईचा ठिपकाच की! पंचवीस वर्षांपूर्वीच लोकांनी ओळखलं होतं की मीटिंग लावायला समोरच्याचा वेळ कळणं पुरेसं आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नोंदीला एक वर्ग देता येतो: पब्लिक, प्रायव्हेट किंवा कॉन्फिडेन्शियल. छान. पण तुम्ही काहीच निवडलं नाही तर? स्टँडर्ड म्हणतं, पब्लिक धरा. आणि तो वर्ग म्हणजे मालकाची इच्छा आहे, कुलूप नाही. पाळायची का नाही हे समोरच्या सॉफ्टवेअरवर.

मंडळी, माझ्या गुरुवारची गोष्ट या एका ‘काहीच निवडलं नाही तर’मध्ये आहे. आपण बहुतेक जण काहीच निवडत नाही. म्हणजे आपल्या वतीने निवड करतो तो डिफॉल्ट ठरवणारा.

एप्रिल २००६ मध्ये गूगल कॅलेंडर आलं आणि शेअरिंग एका क्लिकवर आलं. त्यात आज चार पायऱ्या आहेत. फक्त फ्री-बिझी दिसणं. सगळा तपशील दिसणं. नोंदी बदलता येणं. आणि चौथी, बदलण्याबरोबर आणखी कोणाला शेअर करायचं हेही ठरवता येणं. शेजपाळीत बघणारा, पाटकरी, निरीक्षक, वरचा अधिकारी अशी उतरंड होती, तशीच ही. फरक एवढाच की कंपनीत सगळ्यांसाठी कुठली पायरी आपोआप लागू होईल हे अ‍ॅडमिन ठरवतो, आणि ते तो तुम्हाला सांगेलच असं नाही. २०१९ मध्ये एका भारतीय सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की साध्या गूगल सर्चमधून हजारो लोकांची कॅलेंडरं उघडी सापडतात. कोणी हॅक केली नव्हती. मालकांनीच कधीतरी ‘पब्लिक’वर टिक केली होती आणि विसरून गेले होते.

मीच पाटकरी झालो तेव्हा

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर हा भाग एकतर्फी होईल.

त्या किश्श्याच्या वर्षभर आधी मी टीमसाठी एक छोटा बॉट लिहिला होता. काम साधं. कुठली मीटिंग रूम मोकळी आहे आणि कोण कोण मोकळं आहे ते सांगायचं. त्यासाठी कॅलेंडर वाचायची परवानगी मागावी लागते. फक्त फ्री-बिझी वाचायची परवानगी वेगळी असते आणि सगळं वाचायची वेगळी. मला घाई होती. सगळं वाचायची मागितली, सगळ्यांनी ‘अलाऊ’ दाबलं, बॉट चालू. आणि डीबग करायला सोपं जावं म्हणून मीटिंगची नावं लॉगमध्ये साठवत गेलो.

माझ्यासोबत हे घडलं त्यानंतर मी तो लॉग उघडून बघितला. एकाचा कर्जाच्या वकिलाचा फोन. एकीची दवाखान्याची तारीख, दर महिन्याला, नेमाने. एकाचा दुसऱ्या कंपनीतला इंटरव्ह्यू, नाव नीट लपवलेलं, पण कळण्यासारखं. सात-आठ महिने हे सगळं माझ्या हातात होतं आणि मी एकदाही विचार केला नव्हता. ‘माझा विश्वास तोडला’ म्हणून मी मॅनेजरवर चिडलो होतो ना? मी काय वेगळं केलं होतं? लॉग पुसला, परवानगी फ्री-बिझीवर आणली. बॉट पहिल्यासारखाच चालला, एका ओळीचाही फरक पडला नाही. म्हणजे त्या तपशिलाची गरज कधी नव्हतीच.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा झाला. संमतीने घेतलेला डेटा सांगितलेल्या कामापुरता आणि त्याला लागेल तेवढाच असावा, हे त्यात आहे. पण नोकरीशी संबंधित काही कामांसाठी मालकाला संमतीशिवायही डेटा वापरायची मुभा त्याच कायद्यात आहे. त्यामुळे ‘कायदा आहे, बघून घेईल’ म्हणून बसू नका.

मग करायचं काय?

पहिलं, आज ऑफिसमध्ये शेजारच्या मित्राला सांगा, “माझं कॅलेंडर तुझ्या स्क्रीनवर उघड.” आपल्याला आपलं कॅलेंडर नेहमी पूर्णच दिसतं, त्यामुळे दुसऱ्याला काय दिसतं ते आपल्या स्क्रीनवरून कळत नाही. मी हे एकदा केलं असतं तर गोष्ट टळली असती.

दुसरं, सगळ्या कंपनीला फ्री-बिझी, रोजच्या टीमला हवा तर तपशील, आणि बदलायचा अधिकार फार तर एक-दोघांना. ज्याला बदलायचा अधिकार देता त्याला गूगलमध्ये तुमच्या ‘प्रायव्हेट’ नोंदीही वाचता येतात, हे लक्षात ठेवा. आउटलुकमध्येही फक्त ‘प्रायव्हेट’च्या खुणेवर विसंबू नका. वाचायची परवानगीच देऊ नका, ते खरं कुलूप.

तिसरं, नाव जपून द्या. सेटिंग बरोबर असलं तरी मीटिंग रूम बुक केली की दारावरच्या स्क्रीनवर नाव झळकू शकतं. ‘वैयक्तिक काम’ एवढं पुरे. खोटं लिहायची गरज नाही, सगळं लिहायचीही नाही.

चौथं, वर्षातून एकदा यादी झाडा. टीम बदललेली माणसं, बंद पडलेली अ‍ॅप्स, कधीतरी पाठवलेली गुप्त लिंक. ती लिंक ज्याच्याकडे आहे तो बघू शकतो, म्हणून रीसेट करा.

आणि पाचवं, तुम्ही स्वतः लीड, मॅनेजर किंवा अ‍ॅडमिन असाल तर. दुसऱ्यांच्या वेळेवर तुमची सत्ता आहे, म्हणून तुमच्या कामाचं कॅलेंडर जास्त उघडं ठेवा. कोणाची मीटिंग कोणी हलवली, रजेचा क्रम कसा लागला, ऑन-कॉलची पाळी कोणी बदलली, हे सगळ्यांना दिसू द्या. आणि खालच्या माणसाचं कारण चुकून दिसलं तर त्यावर निर्णय घेऊ नका. आधी त्याला विचारा.

शेवटी माझं काय झालं ते सांगतो. मी मॅनेजरशी बोललो. म्हटलं, “तुला काळजी वाटली हे कळलं, पण मला विचारायला हवं होतंस.” तो थोडा गप्प बसला, मग म्हणाला, “खरंय. चुकलं माझं.” तो प्रोजेक्ट मिळाला नाही, तो गेलाच. पण पुढच्या आठवड्यात आमच्या अ‍ॅडमिनने सगळ्यांचं डिफॉल्ट फ्री-बिझीवर आणलं. चाळीस-पन्नास जणांना त्या दिवशी कळलंच नाही की काहीतरी बदललं.

गुरुवार चार ते पाच मी पुढे सहा महिने चालू ठेवलं. कॅलेंडरमध्ये त्या तासाचं नाव होतं फक्त एक टिंब. पुढच्या खेपेला घरी गेलो तेव्हा आईला ते दाखवलं. तिने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या कालनिर्णयकडे, आणि चहा टाकायला उठली.

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात पाण्याची, तोडीची, पिठाच्या गिरणीची, कसलीही पाळी लावायची कुठली पद्धत होती ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!